वाराणसी : गंगेचे पात्र आणि नाविक समाजाचे हक्क

वाराणसी येथे उत्तरवाहिनी झालेल्या गंगेच्या पश्चिम तीरावर घाटांची रांग असून पूर्व तीरावर विस्तीर्ण वाळवंट आहे. अहिल्याबाई, शिंदे, भोसले यांच्या नावांच्या घाटांमुळे हा तीर मराठी यात्रेकरूंना परिचित आहे. याच पात्रावर निषाद अथवा मल्लाह समाजाची उपजीविका पिढ्यान्‌पिढ्या अवलंबून आहे. होड्या चालविणे, मासेमारी आणि पूर ओसरल्यावर वाळवंटात काकडी, कलिंगडे पिकविणे हे या समाजाचे पारंपरिक व्यवसाय आहेत.

कासव अभयारण्य

गंगा कृती योजनेचा प्रारंभ १९८६ मध्ये वाराणसीतच झाला. नदीत सोडले जाणारे अर्धदग्ध मृतदेह कासवांकरवी नष्ट व्हावेत, या हेतूने सारनाथ येथील केंद्रात कासवांची पिल्ले वाढवून ती गंगेत सोडण्यात आली. त्यांच्या रक्षणासाठी १९८९ मध्ये रामनगर किल्ला ते मालवीय पूल हा ७ किलोमीटरचा पट्टा अभयारण्य घोषित झाला. तेथे मासेमारीस व वाळू उपशास बंदी आली. निसर्गरक्षणाचा पहिला भार अशा रीतीने नदीवर जगणाऱ्यांवरच पडला.

जलमार्गाचा विकास

प्रयागराज ते हल्दिया हा १६२० किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ वाराणसीवरून जातो. नोव्हेंबर २०१८ मध्ये रामनगर येथे मालवाहतुकीचे टर्मिनल सुरू झाले. अभयारण्यामुळे वाळू साचून प्रवाहाचा दाब घाटांकडे वळतो, असाही युक्तिवाद पुढे आला. अखेर २०२० मध्ये अभयारण्याचा दर्जा काढून घेण्यात आला आणि प्रयागराज, मिर्झापूर व भदोही जिल्ह्यांच्या हद्दीत नवे कासव अभयारण्य घोषित झाले. पुढे २०२१ मध्ये पूर्वेकडील वाळवंटात सुमारे ५ किलोमीटर लांबीचा कालवा खोदण्यात आला. तो त्याच वर्षीच्या पुरात वाळूने भरून गेला.

उपजीविकेचा प्रश्न

मोठ्या पर्यटक नौका सुरू झाल्यावर आपला व्यवसाय हिरावला जाईल, या भीतीने नाविकांनी २०१८ मध्ये आंदोलन केले. दरम्यान, अनेक होड्यांची डिझेल इंजिने बदलून तेथे सीएनजी इंजिने बसविण्यात आली. त्यामुळे धूर कमी झाला, तरी पात्रावरील हक्काचा प्रश्न कायम राहिला.

समुद्रकिनाऱ्यासाठी १९९१ पासून किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना आहे. तिच्या २०११ च्या आवृत्तीत मुंबईतील कोळीवाड्यांचा स्वतंत्र विचार झाला. ही अधिसूचना सागरतट व भरतीचे पाणी पोहोचणाऱ्या नद्या-खाड्यांपुरतीच असल्याने वाराणसीला लागू होत नाही. गंगेसाठी २०१६ मध्ये केंद्र सरकारने स्वतंत्र प्राधिकरण आदेश काढला. त्याचा मुख्य भर प्रदूषण रोखणे व प्रवाह टिकविणे यांवर आहे. पात्रात बदल करण्यापूर्वी त्यावर जगणाऱ्यांना विश्वासात घेतले, तरच नदीचे आणि नाविकांचे रक्षण एकत्र साधू शकेल.