चौलचे तांबे, बालयकृत आणि पेशींची पुनर्वापर-व्यवस्था : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

मानवी पेशी आपल्यातील जीर्ण व बिघडलेले घटक मोडून त्यांतील उपयुक्त द्रव्ये पुन्हा वापरते. या प्रक्रियेस स्वभक्षण अथवा ऑटोफॅजी असे म्हणतात. पेशीची ही व्यवस्था अपुरी पडल्यास काय घडते, याचे एक उदाहरण महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात सापडते. ते समजून घेण्यासाठी तांब्याच्या व्यापारापासून आरंभ करणे उचित ठरते.

चौलचे तांबे

अलिबाग तालुक्यातील चौल हे प्राचीन बंदर होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख 'सेमिल्ला' असा आढळतो. १५१६ च्या सुमारास पोर्तुगीज लेखक दुआर्ते बार्बोझा याने या बंदरातील तांब्याचा मोठा खप नोंदविला आहे. देशाच्या अंतर्भागात या तांब्याची नाणी पाडली जात, तसेच स्वयंपाकाची भांडीही घडविली जात. पुढे तांब्यापितळेची भांडी मराठी घरांचे वैभव मानली गेली. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, हे गृहिणींना अनुभवाने ठाऊक होते. दुधातूनही तांबे अर्भकाच्या पोटात जाते, हे मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाले.

पेशीतील सफाई

१९५५ मध्ये क्रिस्तियाँ द द्युव्ह यांनी पेशीतील पाचक रसांनी भरलेल्या लायसोसोम या कोशिकांचा शोध मांडला व १९६३ मध्ये 'ऑटोफॅजी' ही संज्ञा रूढ केली. निकामी घटकांभोवती दुहेरी पटल तयार होते, ते लायसोसोमशी एकरूप होते आणि आतील द्रव्याचे विघटन होते. या प्रक्रियेची जनुके यीस्टमध्ये शोधणाऱ्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक लाभले. प्रथिने अशा रीतीने मोडता येतात. धातू मात्र मोडता येत नाही. तो साठवावा लागतो किंवा पित्तावाटे बाहेर टाकावा लागतो.

पुण्यातील संशोधन

'इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस' या रोगाने भारतात अनेक बालके दगावली. १९७८-७९ मध्ये रुग्णांच्या यकृतात तांब्याचे असाधारण साठे असल्याचे प्रसिद्ध झाले. निरोगी यकृताच्या दर ग्रॅम शुष्क भारात तांबे साधारणतः ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असते. रुग्णांत ते अनेकदा हजाराच्या पुढे जाई. यकृतपेशींत आढळणारे मॅलरी पिंड म्हणजे विल्हेवाट न लागलेल्या प्रथिनांचे पुंजके होत. त्यांत स्वभक्षणाशी निगडित 'पी ६२' हे प्रथिन असल्याचे पुढे दिसून आले.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील शीला भावे व आनंद पंडित आणि ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ एम. एस. टॅनर यांनी १९८० च्या दशकात बालकांच्या आहाराचा मागोवा घेतला. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात तापवलेले वा साठवलेले दूध तान्ह्या वयात पाजल्याचा रोगाशी संबंध दिसला. दुधातील केसीन प्रथिन तांबे धरून ठेवते, हेही निदर्शनास आले. ऑस्ट्रियातील टायरोल प्रांतातही अशाच रोगाने बालके दगावली होती व तांब्याची भांडी बदलल्यावर तो नाहीसा झाला. सर्वच बालकांना रोग न झाल्याने आनुवंशिक प्रवणतेची शक्यताही मांडली जाते.

निष्कर्ष

चौलच्या व्यापाराला या रोगाचे कारण ठरविणे अनैतिहासिक होईल. वस्तूचा इतिहास पेशीपर्यंत कसा पोहोचतो, एवढेच येथे दिसते. यकृतातील तांबे उतरविणारे पेनिसिलामाइन हे औषध लवकर दिल्यास काही बालके वाचली. परंतु रोग दुर्मीळ झाला तो प्रामुख्याने दुधाचे भांडे बदलल्यामुळे. पेशीच्या सफाईला मर्यादा असतात. त्या ओळखून घरातील सवय बदलणे हाच येथे सर्वांत परिणामकारक उपचार ठरला.