कार्ल फालेन्टिन

म्युनिक शहराच्या ईझारतोर या जुन्या वेशींत एक लहानसें संग्रहालय आहे. तेथें एक साधा खिळा जपून ठेविला आहे. याच खिळ्यास कार्ल फालेन्टिन यानें आपला सुतारकीचा धंदा टांगला, अशी त्या खिळ्याची ख्याति! सोडलेला धंदा जर्मन लोक खिळ्यास टांगतात, आपण खुंटीस; तेव्हां हा विनोद वाचकांस फोडून सांगण्याचें आम्हांस कारण नाहीं.

बव्हेरियन लोकरंगभूमीचा हा नट १८८२ सालीं म्युनिकच्या आउ या उपनगरांत जन्मला. अनेक वाद्यें एकटाच वाजवितां येतील असें अजस्र यंत्र स्वतः बांधून तो १९०७ सालीं दौऱ्यावर निघाला. दौरा साफ फसला. पुढल्याच वर्षीं म्युनिकनें त्याला डोक्यावर घेतलें. १९११ सालीं लीझल कार्लस्टाट ही त्याला भेटली, आणि ही जोडी पुढें सारें शहर हंसवीत राहिली. बॅण्डमास्तराची भूमिका ती करी, वादकांतला हट्टी वितंडवादी तो.

त्याचा वानिंगर आम्हांस विशेष आवडतो. हा गरीब पुस्तकबांधणारा एका बांधकाम कंपनीस टेलिफोन करतो. पुस्तकें तयार आहेत. तीं पाठवूं काय आणि सोबत बिल देऊं काय, एवढेंच त्यास विचारावयाचें असतें. एक खातें त्यास दुसऱ्याकडे जोडून देतें, दुसरें तिसऱ्याकडे; प्रत्येक ठिकाणीं तो तीच कैफियत पहिल्यापासून सांगूं लागतो, आणि अखेरीस कचेरी बंद झाली, उद्यां विचारा, असें उत्तर मिळतें. कोणीहि दुष्ट नाहीं, म्हणूनच दाद कोणाजवळ मागावी हें कळत नाहीं. कचेरीच्या खिडकीपुढें ज्यानें कधीं सकाळ घालविली आहे, त्याचें हंसू येथें किंचित् अडखळतेंच.

१९३४ सालीं त्यानें थाटलेल्या विचित्र वस्तूंच्या प्रदर्शनांत त्याची व कार्लस्टाटची पुंजी बुडाली. पुढल्या वर्षीं तिनें जीव देण्याचा प्रयत्न केला. त्याच्या १९३६ च्या एका चित्रपटावर नाझी सरकारनें बंदी घातली. कारण काय, तर त्यांत दारिद्र्य दिसतें! महायुद्धानंतर रेडिओवर त्याचे कार्यक्रम सुरू झाले, पण श्रोत्यांच्या तक्रारींवरून तेहि थांबविण्यांत आले. भुकेनें खंगलेला हा विदूषक ९ फेब्रुवारी १९४८ रोजीं न्यूमोनियानें वारला. तो दिवस शिमग्यासारख्या त्यांच्या कार्निव्हलचा सोमवार होता.

त्याच्या मागें राहिलेलीं कागदपत्रें घेण्यास म्युनिकनें नकार दिला. तीं १९५३ सालीं कोलोनला गेलीं. वेशींतलें संग्रहालय १९५९ सालीं उघडलें. नव्याण्णव वर्षांचा गृहस्थ आईबापांसह आल्यास त्याला तेथें प्रवेश मोफत.