केंब्रिज विद्यापीठातील स्त्रियांच्या पदवीचा वाद (१८८१–१९४८)

प्रस्तावना :
‘रँग्लर’ ही उपाधी महाराष्ट्राला रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्यामुळे परिचित झाली. १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणित ट्रायपॉस परीक्षेत ते विभागून सीनिअर रँग्लर ठरले. मात्र त्याच परीक्षेत नऊ वर्षांपूर्वी, १८९० मध्ये, फिलिपा फॉसेट या विद्यार्थिनीने सीनिअर रँग्लरपेक्षाही अधिक गुण मिळविले होते. परांजपे यांना पदवी मिळाली. फॉसेट यांना मिळाली नाही. प्रस्तुत लेखात या विसंगतीच्या कारणांचा विचार केला आहे.

वादाची पार्श्वभूमी :
स्त्रियांसाठी गर्टन (१८६९) व न्यूनम (१८७१) या संस्था स्थापन झाल्या. १८८१ पासून विद्यार्थिनींना ट्रायपॉस परीक्षेस रीतसर बसता येऊ लागले. परंतु उत्तीर्ण झाल्यावर पदवीऐवजी केवळ प्रमाणपत्र दिले जाई. लंडन विद्यापीठाने १८७८ मध्येच स्त्रियांना पदवी खुली केली होती.

विरोधाचे स्वरूप :
२१ मे १८९७ रोजी पदवीचा प्रस्ताव मतदानास आला. मत देण्यासाठी बाहेरगावचे एम.ए. पदवीधर मोठ्या संख्येने केंब्रिजला आले. विरोधक विद्यार्थ्यांनी सायकलवर बसलेल्या स्त्रीचा पुतळा रस्त्यावर टांगला होता. प्रस्ताव प्रचंड बहुमताने फेटाळला गेला. ऑक्सफर्डने १९२० मध्ये स्त्रियांना पदवी व सदस्यत्व दिले. तरीही १९२१ मध्ये केंब्रिजने पूर्ण सदस्यत्व नाकारून केवळ नाममात्र पदवी देऊ केली. त्या निकालानंतर विद्यार्थ्यांच्या जमावाने न्यूनमच्या प्रवेशद्वाराची मोडतोड केली.

या विरोधाचे मूळ केवळ स्त्रियांच्या बुद्धिमत्तेविषयीच्या शंकेत शोधता येत नाही, कारण ती शंका १८९० च्या निकालाने निराधार ठरली होती. केंब्रिजमध्ये एम.ए. पदवीधर हा सिनेटचा सदस्य होई व विद्यापीठाच्या कारभारात त्याला मत असे. म्हणजेच पदवी हा सत्तेतील वाटा होता. वसाहतीतून आलेल्या पुरुषाला तो मिळू शकत होता. राज्यकर्त्या राष्ट्रातील स्त्रीला मात्र नाही. १९३९ मध्ये पुरातत्त्वज्ञ डोरोथी गॅरॉड यांची प्राध्यापकपदी निवड झाली. केंब्रिजच्या त्या पहिल्या स्त्री प्राध्यापक होत. तरीही त्या वेळी विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व त्यांना नव्हते. अध्यापनाचा अधिकार मान्य, पण कारभाराचा अमान्य, अशी ही स्थिती होती.

समारोप :
डिसेंबर १९४७ मध्ये प्रस्ताव संमत झाला आणि १९४८ पासून स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व मिळाले. ऑक्टोबर १९४८ मध्ये राणी एलिझाबेथ (सहावे जॉर्ज यांच्या पत्नी) यांना सन्माननीय पदवी देण्यात आली. ही पदवी स्वीकारणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. फिलिपा फॉसेट यांचे त्याच वर्षी जून महिन्यात निधन झाले होते. गुणवत्ता सिद्ध होणे आणि हक्क प्राप्त होणे यांत ५८ वर्षांचे अंतर पडले. विद्यापीठ प्रवेश कोणाला देते, याबरोबरच निर्णयाचा अधिकार कोणाला देते, हेही उच्च शिक्षणाच्या इतिहासात तपासले पाहिजे, असे या वादावरून दिसून येते.