सोबतीचा प्रश्न

दिनांक २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात, वयाची अठरा वर्षेही पुरी न झालेल्या एका मराठी स्त्रीने इंग्रजीत व्याख्यान दिले. आपण अमेरिकेस वैद्यक शिकावयास का जातो, हा विषय होता. लोकांच्या शंकांना आनंदीबाई जोशी यांनी क्रमाने उत्तरे दिली. त्यांतील एक शंका मोठी अवघड होती : पतीला मागे ठेवून एकटीने का जावे?

वस्तुतः दोघांनी मिळून जावे, हाच मूळचा बेत होता. गोपाळराव टपालखात्यात नोकरीस. कोल्हापुरात असताना १८७८ मध्ये त्यांनी प्रिन्स्टनच्या रेव्हरंड वाइल्डर यांना पत्र लिहिले. पत्नीच्या शिक्षणाची सोय व्हावी आणि आपणांस तिकडे काही काम मिळावे, अशी त्यांची इच्छा होती. वाइल्डरांनी धर्मांतराचा उपदेश केला आणि पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. नोकरी काही मिळाली नाही. मात्र तो मजकूर न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात आला, आणि पोटच्या मुलीसारखा जिव्हाळा लावणारे एक घर आनंदीबाईंसाठी परदेशात उघडले.

बेत का मोडला, हे आनंदीबाईंनी सभेत स्पष्टच सांगितले. दोघांच्या प्रवासाला पैसा नव्हता. शिवाय गोपाळरावांच्या पगारावर वृद्ध आईबाप आणि धाकटी भावंडे अवलंबून होती. त्या सर्वांना वाऱ्यावर सोडून त्यांनी निघावे कसे? पत्नीला धाडण्याचे धाडस ज्याच्यात होते, त्याचेच पाय घरच्या भाकरीत गुंतले होते. गोपाळरावांच्या विक्षिप्तपणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते खोटे नाही. परंतु ही बाजूही ध्यानी घेतली पाहिजे.

७ एप्रिल रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत चढल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्या काळी व्हिसा लागत नसे. अडवणारा होता तो खर्च आणि समाज. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयातील वर्षे थंडीत, एकाकीपणात आणि ढासळत्या प्रकृतीत गेली. पतीच्या पत्रांत काळजी असे, तशी बोचही असे. पुढे गोपाळराव अमेरिकेत पोहोचले. ११ मार्च १८८६ च्या पदवीदान समारंभास ते आणि पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. त्याच वर्षी हे दांपत्य परतले, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाईंचे निधन झाले.

पुढच्या पिढ्यांनाही हा प्रश्न सुटला नाही. १९१३ मध्ये बडोद्याच्या दरमहा साडेअकरा पौंड शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबियास गेले. रमाबाई मुंबईतच राहिल्या. १९१७ च्या अमेरिकन कायद्याने हिंदी लोकांना दार बंद केले, तरी विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या विवाहित पत्नींना वगळले. पत्नींना, पतींना नव्हे. विद्यार्थिनीचा नवरा कायदा करणाऱ्यांच्या कल्पनेतच नव्हता. १९६१ च्या दुरुस्तीने तेथे विद्यार्थ्याच्या जोडीदाराला, मग तो पती असो वा पत्नी, सोबत येण्याची स्वतंत्र तरतूद झाली. ब्रिटनने मात्र जानेवारी २०२४ पासून ही मुभा बहुतांशी संशोधक आणि सरकारी शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांपुरतीच ठेवली आहे. अमेरिकेत अशा जोडीदाराला राहता येते, नोकरी करता येत नाही. आणि गोपाळरावांनी १८७८ च्या पत्रात मागितली होती ती नोकरीच.