बैलगाडी, मोटार आणि तीन टोकांचा पट्टा

देवणी जातीचा बैल गाडी ओढतो ती ताशी सुमारे ४ कि.मी. वेगाने. गाडी अचानक थांबली, तर माणूस फार तर हिंदकळतो. तोच माणूस देवणीहून उदगीरकडे मोटारीने ताशी ६० कि.मी. वेगाने निघाला, की वेग १५ पट होतो. पण गतिज ऊर्जा २२५ पट! मोटार आदळून थांबते, आतला माणूस मात्र जडत्वामुळे पुढे जातच राहतो. हा आघात १४ मीटर उंचीवरून पडण्याइतका असतो.

माणूस असा आघात सोसू शकेल काय? अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर जॉन स्टॅप यांनी १९५४ साली स्वतःवरच प्रयोग केला. पट्ट्यांनी बांधून घेऊन ते रॉकेटच्या घसरगाडीवर ताशी सुमारे १००० कि.मी. वेगाने गेले आणि दीड सेकंदाच्या आत थांबले. वजनाच्या ४६ पट बल सोसूनही ते जगले.

मोटारींत तेव्हा असलाच तर केवळ कमरेचा पट्टा असे. त्याने धड मोकळे राही, पोटाला इजा होई. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतील अभियंते निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये छाती व कमर दोन्ही धरणारा, एका हाताने लावता येणारा पट्टा आणला. कंपनीने त्याचे पेटंट इतरांनाही खुले ठेवले. पट्ट्यामुळे माणूस गाडीच्या चेपण्याबरोबर, समजा अर्ध्या मीटरात थांबला, तर त्याच्यावर वजनाच्या २८ पट बल येते. पट्टा नसताना तो ५ सें.मी. अंतरात थांबला, तर हेच बल २८० पट होते.

१९७० साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने पट्ट्याची सक्ती केली. आपल्याकडे मोटार वाहन नियम १३८(३) मागे बसणाऱ्यांनाही लागू आहे. तरीही मागचा पट्टा शोभेचा मानला गेला. मराठवाड्याचे नेते गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ रोजी दिल्लीत मोटारीच्या मागच्या आसनावर होते. अपघातात मान व यकृताला झालेल्या इजांनी त्यांचा मृत्यू झाला. पट्टा असता तर ते वाचले असते, असे मत तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी मांडले होते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. पुढचे दोघे जखमी होऊनही वाचले. मागे पट्ट्याविना बसलेले दोघे दगावले.

जडत्वाचा धडा शिकवताना खेळण्यातल्या मोटारीत मातीच्या दोन बाहुल्या मागे बसवाव्यात, एक फितीने बांधून व एक मोकळी. मोटार उतारावरून विटेवर सोडावी. कोणती बाहुली कुठे जाते, हे विद्यार्थ्यांनीच मोजून वहीत लिहावे.