खासगीतले गाणे

ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागात खासगी बाजार नावाची एक जुनी वस्ती आहे. दौलतराव शिंदे यांच्या फौजेची छावणी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी किल्ल्याच्या पायथ्याशी पडली. पुढे छावणीचे शहर झाले, पण 'लष्कर' हे नाव गेले नाही. 'खासगी' हा शब्दही त्याच दप्तरातला. मराठी संस्थानांत सरकारी खजिना निराळा आणि राजघराण्याची खासगी निराळी असे. त्या व्यवस्थेचा अंमल केव्हाच संपला. बाजाराच्या पाटीवर शब्द मात्र राहिला आहे.

ग्वाल्हेरच्या गाण्याचा इतिहास पाहू गेल्यास हा शब्द पुनःपुन्हा आठवतो. तेथील गाणेही दीर्घकाळ खासगीतच होते. हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या बंधूंची कथा सर्वपरिचित आहे. बडे महंमद खाँ यांची तान कोणालाच साधत नव्हती आणि ते ती कोणाला देतही नव्हते. तेव्हा महाराजांच्या संमतीने या दोघा तरुणांनी पडद्याआड बसून ती ऐकली, कंठात उतरवली आणि एके दिवशी भर दरबारात गाऊन दाखवली. बडे महंमद खाँ संतापून दरबार सोडून गेले, असे सांगतात. कथेत पदरचे किती, याचा वाद घालण्यात अर्थ नाही. जिंदगीभर जपलेली विद्या चोरून ऐकावी लागे, एवढे तीतून कळते. आणि चोरी करणाऱ्यांचेच घराणे पुढे ग्वाल्हेरचे घराणे म्हणून नावारूपास आले, हेही.

परंतु याच लष्करात एका मराठी घराचा दरवाजा निराळ्या रीतीने उघडला. विष्णुपंत पंडित हे कीर्तनकार. त्यांचा खाँसाहेब मंडळींशी स्नेह होता आणि त्यांचे पुत्र शंकरराव यांना त्या स्नेहातून तालीम मिळाली. जयाजीराव शिंदे १८८६ साली निवर्तले. त्यानंतर दरबाराचा आश्रय सुटलेले उस्ताद निसार हुसेन खाँ याच पंडितांच्या घरी येऊन राहिले. हरिकीर्तन करणाऱ्या ब्राह्मणाच्या घरात एक मुसलमान उस्ताद कुटुंबातला होऊन राहतो, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. शंकररावांचे पुत्र कृष्णराव १८९३ साली जन्मले, ते या घरात. शिकण्याचे वय होण्याआधीच ख्याल त्यांच्या कानांवर पडत होता. मुलाला मातृभाषा येते तसा तो आला.

मातृभाषा म्हणावे, तर त्या गाण्याची भाषा मराठी नव्हतीच. घरात देवापुढे आरती मराठीत, स्वयंपाकघरातले बोलणे मराठीत, आणि तानपुरा जुळला की शब्द ब्रजातले. टप्प्याचे शब्द तर पंजाबी! हा टप्पा पंजाबातल्या उंटवाल्यांच्या गाण्यातून आला आणि शोरी मियाँने त्याला मैफिलीचे रूप दिले, अशी परंपरा आहे. ग्वाल्हेरच्या गायकांनी तो इतका आपलासा केला की टप्पा ही त्यांच्या घराण्याची ओळख होऊन बसली. वाळवंटातल्या वाटेवरचे रांगडे गाणे, ते लष्करातल्या मराठी पोराच्या तोंडी. अर्थ पुरता कळला नसला तरी लय चुकली की त्याला बोचत असे. अर्थ कळण्यापूर्वी गाणे आवडणे यात कमीपणा मुळीच नाही. लहानपणी अंगवळणी पडलेली बहुतेक गाणी अशीच असतात.

खासगीची ही भिंत विसाव्या शतकात पडू लागली. कृष्णरावांनी १९१४ साली ग्वाल्हेरला गायनशाळा काढली. शंकरराव १९१७ मध्ये वारल्यावर तिला त्यांचे नाव मिळाले. आणि १९१८ साली माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचे माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. तेथे स्वरलिपी होती, वर्ग होते, परीक्षा होत्या. राजाभैया पूछवाले हे शंकररावांचेच शिष्य. तेच या सरकारी शाळेचे आधारस्तंभ झाले. म्हणजे खासगीतला माणूसच चीज घेऊन सरकारीत आला.

वहीतल्या गाण्याला जुने लोक नाके मुरडत. त्यांचे अगदीच चुकत होते असे नाही. मींड लिहिता येते, पण ती किती हळू घ्यावी हे लिहिता येत नाही. आणि तासाची घंटा झाली की आलाप अर्ध्यावर सोडून उठावे लागते, हे कोणत्याही शाळेचे दुखणे आहे. तरीही न्याय भातखंड्यांच्याच बाजूने द्यावा लागेल. ज्याच्या घरी निसार हुसेन खाँ राहत नव्हते, त्या मुलाने काय करावे? पडदा प्रत्येकाला मिळत नाही. मृत्यूबरोबर किती चिजा गेल्या याचा हिशेब कोणाजवळ नाही. वहीत उतरल्या त्या मात्र आहेत.

मुलींची गोष्ट तर याहून बिकट. ज्या घरात मुलगे गात मोठे झाले, त्याच घरात मुलीही ऐकत मोठ्या झाल्या, पण त्यांचे ऐकणे ऐकण्यापाशीच थांबले. पंडितांच्या घराण्यात गाणे हाच व्यवसाय करणारी पहिली स्त्री म्हणजे मीता पंडित, कृष्णरावांची नात. कृष्णराव १९८९ साली गेले तेव्हा ती शाळकरी वयाची होती. इतक्या पिढ्या भिंतीपलीकडून ऐकलेले सूर तिच्या कंठातून मैफिलीत आले.

युनेस्कोने २०२३ साली ग्वाल्हेरला संगीताचे नगर म्हणून मान दिला. तानसेनच्या समाधीपाशी दरवर्षी समारोह भरतो. त्याच्या आरंभी ढोलीबुवांची हरिकथा होते आणि मिलादही होतो, आणि मग दूरदूरचे गवई गातात. तेथे पडदा नसतो. येईल त्याने बसावे आणि ऐकावे.