ग्राफीन : ऑक्साइडवर थेट वाढवण्याचा प्रश्न

ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंचा, अवघ्या एका अणूइतक्या जाडीचा षट्कोनी जाळीदार पापुद्रा. असे असंख्य पापुद्रे एकावर एक रचले गेले की शिसपेन्सिलीतील ग्रॅफाइट होते. मँचेस्टर विद्यापीठातील आंद्रे गाइम व कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये साध्या चिकटपट्टीने ग्रॅफाइट सोलून हा पापुद्रा वेगळा केला. २०१० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या कथेत ऑक्साइडचा वाटा मात्र सहसा सांगितला जात नाही. सिलिकॉनच्या चकतीवर सुमारे ३०० नॅनोमीटर जाडीचा सिलिकॉन डायऑक्साइडचा थर होता. प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे त्यावरील एका अणूचा पापुद्राही साध्या सूक्ष्मदर्शकातून ओळखता आला.

चिकटपट्टीवर कारखाना चालत नाही. २००९ मध्ये टेक्सासमधील संशोधकांनी सुमारे १००० अंश सेल्सिअसला तापवलेल्या तांब्याच्या पातळ पत्र्यावर मिथेन सोडून मोठ्या आकाराचे ग्राफीन वाढवले. परंतु तांबे विद्युतवाहक. इलेक्ट्रॉनिक उपकरणासाठी खाली निरोधक पृष्ठभाग हवा. म्हणून ग्राफीनवर पॉलिमरचा लेप द्यायचा, तांबे रसायनात विरघळवायचे आणि उरलेला पापुद्रा ऑक्साइडवर अंथरायचा. या उपद्व्यापात तो सुरकुततो, फाटतो, शिवाय पॉलिमरचे व धातूचे अंश त्याला चिकटून राहतात.

मग तो ऑक्साइडवरच का वाढवू नये? अडचण अशी, की ऑक्साइड तांब्यासारखे उत्प्रेरक नसते. मिथेन फोडण्यास अधिक उष्णता लागते आणि कार्बनचे अणू पृष्ठभागावर सहज सरकत नाहीत. परिणामी एकसंध पापुद्र्याऐवजी वेड्यावाकड्या जोडांचे लहान लहान तुकडे तयार होतात आणि त्या जोडांपाशी विद्युतवहन अडखळते. उष्णता फार वाढवावी, तर कार्बन ऑक्साइडमधलाच ऑक्सिजन ओढून घेतो व कार्बन मोनॉक्साइड होऊन उडून जातो. खनिजापासून लोखंड काढताना भट्टीत जे मुद्दाम घडवून आणतात, तेच येथे नुकसान करते.

अॅल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक, म्हणजे कृत्रिम नीलम, त्यातल्या त्यात आश्वासक ठरला आहे. तो २००० अंशांपलीकडेही वितळत नाही आणि त्यातील अणूंची शिस्तबद्ध रचना वरच्या तुकड्यांना दिशा देऊ शकते. काचेसारख्या अस्फटिकी सिलिकाला ही दिशाच नसते. प्लाझ्मा वापरून तापमान खाली आणता येते. त्याची किंमत सहसा दोषांच्या रूपाने मोजावी लागते.

हे दोष तपासण्याचे मुख्य साधन १९२८ साली सी. व्ही. रामन यांनी शोधलेल्या परिणामावरच आधारलेले आहे. रामन वर्णपटात १३५० प्रति सेंटिमीटरच्या आसपास उठणारे शिखर ग्राफीनमधील दोष दाखवते. सिलिकावर थेट वाढवलेल्या पुष्कळ नमुन्यांत ते आजही ठळक दिसते.